छप्पन की सत्तर

अकरावीत वायूंची गणितं मला चांगली जमत. धातूचे ग्रॅम घ्यायचे, त्यांचे मोल करायचे, एका मोलला बावीस पूर्णांक चार लिटर वायू धरून गुणायचं. शहापूरहून भंडाऱ्याला कॉलेजात जाताना एसटीत उभ्याउभ्या मी अशी चार-पाच उदाहरणं सोडवायची.

मार्चअखेरीस मॅडमनी तेच प्रयोगशाळेत करायला लावलं. मॅग्नेशियमच्या फितीचा साठ मिलिग्रॅमचा तुकडा आम्लात टाकायचा आणि निघालेला हायड्रोजन पाण्याने भरलेल्या उलट्या नळीत मोजायचा. गणिताने छप्पन मिलिलिटर यायला हवा होता. आमचा आला सत्तर.

माझी जोडीदारीण दिघोरीची, हॉस्टेलवर राहायची; दोघींत मिळून प्रयोगवही एकच होती. ती म्हणाली, "छप्पनच लिहून टाक ना. सगळ्यायनं तेच लिहिलं."

"पण नळीत तर सत्तर दिसून राहिला."

"कायले झंझट करतं? मॅडम का नळी पाह्यले येऊन राहिल्या?"

तिचं बरोबर होतं. पण खोटं लिहिताना माझे कान तापतात. मी सत्तर लिहिलं आणि रात्रभर मार्क जाणार म्हणून कुढत बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडम वह्या घेऊन आल्या. "सगळ्यांचे छप्पन, फक्त एका वहीत सत्तर. कोणाची ही?"

मी उभी राहिले.

"काल इथे तापमान किती होतं?"

"अडतीस, मॅडम."

"आणि बावीस पूर्णांक चार लिटर किती तापमानाला?"

"शून्य." म्हणतानाच मला हसू आलं.

"भंडाऱ्यात शून्य कधी पाहिलंस?" असं म्हणत त्यांनी खडू माझ्या हातात दिला. अडतीस अंशाला उत्तर चौसष्ट आलं. "आता उरलेले सहा?" मी फळ्यावरचा गुणाकार पुन्हा तपासू लागले.

तेवढ्यात मागून जोडीदारीण म्हणाली, "मॅडम, नळीत पाणी होतं ना. त्याची वाफ असंल."

"बहुतेक तीच," मॅडम म्हणाल्या आणि बाकी सगळ्यांना प्रयोग पुन्हा करायला सांगितला.

दोन दिवस वर्गात आमच्याशी कोणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी प्रयोगाच्या तासाला मात्र सगळे आमच्या टेबलाभोवती जमले. जोडीदारीण वाफेचा दाब समजावत होती. "मी तं पहिल्यापासून म्हनत होती, सत्तरच लिहू म्हनून," असंही तिने सांगून टाकलं. मला हसू आवरेना म्हणून मी नळी धुवायला नळावर गेले.