चैत्रगौरीपुढचं खाजण

आमच्या सासूबाईंचं चैत्रातलं हळदीकुंकू ठाण्यात नावाजलेलं होतं. आरास पाहायला बायका खाडी ओलांडून कळव्याहून यायच्या आणि दरवर्षी तीच पाहून जायच्या. रॉकेलच्या खोक्यांच्या पायऱ्या, त्यांवर जरीचं पातळ, सगळ्यांत वर पितळी झोपाळ्यात गौर, खाली अळिवाची हिरवळ, आरशाचं तळं आणि त्याच्या काठी मान मोडलेला मोर. मोराची मान दर चैत्रात डिंकानं चिकटवली जाई.

मी या घरात आले ती कॉलेजात इंटर होऊन आणि भूगोलाचं वेड घेऊन. वेड हा शब्द आमच्या यजमानांचा. स्वातंत्र्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, जूनपासून भूगोलाला कुणीतरी हवं होतं. माझ्याविषयी त्यांनी चौकशी केल्याचं कानावर आलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. यजमान म्हणाले, आईला विचार. सासूबाईंनी पोळी लाटता लाटताच निकाल दिला. घरात कामं काय कमी आहेत, आणि जिला पोळी गोल लाटता येत नाही ती मुलींना पृथ्वी गोल असल्याचं काय शिकवणार? ऐकून मलाच हसू फुटलं, म्हणून जास्त झोंबलं.

पण मी हात टेकणाऱ्यांतली नव्हे. मोठ्या बाई दरवर्षी आमच्या हळदीकुंकवाला येत. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्यामुळे आरास माझ्या गळ्यात पडली. मी ठरवलं, आर्जवं करायची नाहीत. आरासच अशी करायची, की बाईंना वाटावं ही पोरगी आपल्याला हवीच, आणि सासूबाईंना नाही म्हणणं जड जावं.

जगाचे नैसर्गिक प्रदेश मांडायला घेतले. वर ध्रुवाकडचा बर्फ, त्याखालच्या पायरीवर सुरूच्या डहाळ्या खोचून सूचिपर्णी अरण्य, मग गवताळ प्रदेश, मग वाळवंट आणि सगळ्यांत खाली विषुववृत्ताचं दाट रान. गंमत अशी की सगळीकडे अळीवच पेरले, एकाच डब्यातले. दोन थाळ्यांना रोज दोनदा पाणी आणि वर ओलं फडकं, तिथे रान माजलं. एकीला बेताचं पाणी, तिथे खुरटं गवत. एकीत रेती आणि थेंबभरही पाणी नाही, तिथे बी तसंच पडून राहिलं आणि शेजारी लाकडी उंट उभा राहिला. कुठे काय उगवायचं ते ऊब आणि पाऊस ठरवतात, हे पाटीवर न लिहिता दिसत होतं. मी स्वतःवरच खूश होते.

बर्फ मात्र मिठाचा केला. शेजारच्या वहिनींचं माहेर बाळकुमचं, त्यांची खाडीकाठी शेती आणि मिठागरं होती. त्यांनी टोपलीभर जाडं मीठ आणून दिलं. सासूबाईंना ते पसंत पडेना. गौरीला मिठावर बसवायचं? मी म्हटलं, ती चैत्रात माहेरी येते ना, आणि तिचं माहेर हिमालय, मग बर्फ नको का? मिठाचं सासूबाईंनी चालवून घेतलं, पण मोर काढून ठेवला म्हणून दिवसभर रुसल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी उठून पाहते तो सत्यानाश. चैत्रातली दमट हवा, मिठाला पाणी सुटलं होतं. ते सुरूच्या बुंध्यांवरून ओघळत थेट गवताळ प्रदेशात उतरलं होतं, आणि माझं गवत पिवळं पडून झोपलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की अजून वेळ आहे, हे सगळं काढ, नेहमीची आरास मांडू. त्यांच्या हातात मोर होताच.

वहिनी आल्या, थाळीकडे पाहून म्हणाल्या, "आमच्याकडं बांध फुटला का असंच होतं. खारं पानी शेतान शिरतं, मंग भात कुठला!"

मी डोळे पुसले. भाताला हवा तेवढा पाऊस, हवी तेवढी ऊब, आणि तरी भात नाही. शाळा-कॉलेजात घोकलेल्या कुठल्याच प्रदेशात हे बसत नव्हतं, आणि ते आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होतं. मी सासूबाईंना सांगितलं की मोर ठेवा तुमच्याकडेच, मी आलेच.

ओहोटी होती. वहिनींनी आणि मी पातळं वर खोचली आणि खाजणात, भरतीचं पाणी चढतं त्या खाडीकाठच्या दलदलीत, उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत आला. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवराच्या डहाळ्या तोडल्या, चिखलातून वर डोकावणारी त्याची मुळं दोन-चार कापून घेतली, खाऱ्या चिखलातच उगवणाऱ्या मोरसाची मांसल रोपटी मातीसकट उपटली. घरची सून भर सकाळी तशी माखून दारात उभी राहिली तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी न्हाणीघरात पळाले.

मग नुसती धांदल. मीठ परातीत भरून वर ठेवलं. रानाची एक थाळी कात्रीनं कातरून तिचा गवताळ प्रदेश केला. मेलेल्या अळिवाची थाळी मात्र टाकली नाही. पायऱ्यांच्या तळाशी, जमिनीवर, खाडीचा चिखल थापून तिच्याभोवती मोरस आणि तिवर लावलं.

बायका आल्या, कैरीची डाळ आणि पन्हं फिरू लागलं. मी बोलत होते आणि बायका हातातली वाटी विसरून ऐकत होत्या. सासूबाई आधी लांबून, मग खांबाशी टेकून, मग अगदी माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. उशिरा आलेल्या एका आजीबाईंना मी पन्हं देत होते, तेवढ्यात मागून ठसक्यात ऐकू आलं, "हा सहारा. इथे पाऊसच नाही हो, उगवणार काय?" सासूबाई समजावून देत होत्या, उंटाला हात लावून.

मोठ्या बाई तळाशी थबकल्या. त्यांनी विचारलं, हा कुठला प्रदेश? मी सांगितलं की खाजण. इथे ऊन आणि पावसाच्या जोडीला भरतीचं मीठही हुकूम चालवतं, भात मरतो, आणि तिवर चिखलातून मुळं वर काढून श्वास घेतं.

"हा काही पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या.

"पुस्तक लिहिणारे ठाण्यात राहत नसतील."

जीभ घसरली खरी. पण बाईच आधी हसल्या आणि सगळी बैठक हसली. हसू ओसरल्यावर त्या सासूबाईंकडे वळल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या की या मुलीला मला द्या, मुलींना हिच्याकडूनच शिकू दे.

सासूबाई बाईंची ओटी भरत होत्या. भिजवलेले हरभरे ओटीत घालून झाले, हात पुसून झाले. मग आमच्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहून त्यांनी विचारलं, "शाळा किती वाजता भरते? सकाळचं सगळं मी बघीन. गुडघे काय, दुखतील तेवढे दुखतील."

मी हातातला पन्ह्याचा पेला तिथेच ठेवला आणि त्यांच्या गळ्यात पडले. सासूच्या गळ्यात पडायची पद्धत आमच्याकडे नव्हती. त्या संध्याकाळी ठाण्यातल्या निम्म्या बायकांदेखत ती मी सुरू केली.