उपड्या पेल्यावरचा पेला

कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाच्या सावलीत, अर्ज लिहिण्याचे काम मी उभी हयात करीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे कचेरीने केले. शिक्षक नसताना लोक मला मास्तर म्हणतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. उदगीर, शिरूर अनंतपाळकडची माणसे माझ्याच हातचा अर्ज हवा म्हणून लातुरात खोळंबून राहिलेली आहेत. परक्यांचे दुःख मी नेहमी क्रमवार मांडले. स्वतःचे तसे मांडता येईल की नाही, याची खात्री नाही.

भूकंपाच्या पहाटे आमचे घर पडले नाही. मागची भिंत तेवढी फाटली. परंतु आमच्या कुटुंबाच्या पायाखालची जमीन त्यानंतर कधी स्थिर झाली नाही. त्या काळात लातुरात घरोघर उशाशी भांडी रचून ठेवीत. जमीन हलली की भांडे पडावे आणि निजलेला माणूस जागा व्हावा, एवढाच त्यातला हेतू. पुढे लोकांनी ते सोडून दिले. आमच्या हिने सोडले नाही. रविवारी दुपारी मी जेवून आडवा झालो की माझ्या उशाशी एक पेला उपडा ठेवायची, त्याच्या बुडावर दुसरा उभा करायची आणि दाराची कडी काढून ठेवायची.

रस्त्याने जड ट्रक गेला, तरी वरचा पेला खाली यायचा.

"उठा की हो! पडला पेला!"

"अगं, ट्रक गेला."

"ट्रक का काय ते भाईर जाऊन बघू. आधी उठा."

आणि माझे मनगट धरून ती मला ओढीत रस्त्यावर आणायची. दागिन्यांचा डबा तिथेच, चुलीवरचे दूध तिथेच. हाती फक्त मी. समोरचे शिंपीकाम करणारे भाईजान मशीन थांबवून विचारायचे, "क्या मास्तर, आज बी जलजला?"

"हसा भाईजान, हसा," ही म्हणायची. "खरा आला म्हंजी तुमाला बी मीच हाक मारीन."

बाजारात माझ्यामागे चार पावले अंतर राखून चालणारी बाई ही. चारचौघांत नवऱ्याचा हात धरणे तिच्या माहेरी नव्हते, आमच्या घरीही नव्हते. पेला पडल्यावर मात्र ओट्यावर बसूनही बराच वेळ तो हात सुटत नसे. तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या मनगटावर उमटत. अर्जनवीसाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नसले, तरी लिहितो: कधी कधी मी तो पेला मुद्दाम कडेला सरकवून निजत असे.

पुढे लातूर शिकवण्यांचे गाव झाले. आम्हीही वर खोली चढवून शिकवणीला आलेल्या मुली भाड्याने ठेवल्या. एका दुपारी पेला पडला, आम्ही रस्त्यावर आलो, तर वरून किनवटची मुलगी वाकून म्हणाली, "मावशी, भूकंप न्हाई हो! आम्ही दोरीवरच्या उड्या मारून राहिलो!"

"मारा माय, मारा," ही हसली. "पर म्हाताऱ्याला झोपू द्या."

म्हातारा मी तेव्हा नव्हतो. हात तिने सोडला नव्हता, म्हणून हरकत घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग गेले, वाचा गेली, डावा हातही लुळा पडला. डाव्या हाताला बळ येऊ शकेल, असे डॉक्टर म्हणाले; नंतर तेही म्हणेनासे झाले. भरवताना, पुसताना तो हात मी माझ्या हातात घेतो. तो ओल्या फडक्यासारखा पडून राहतो. आजवर मी किती जणांसाठी "विनंती विशेष" लिहिले, याला गणती नाही. या विनंतीसाठी कुठली कचेरी, ते मला ठाऊक नाही.

तरीही रोज दुपारी पेल्यावर पेला मी ठेवीत आलो, आता तिच्या उशाशी. माझी अशी धारणा होती की सारे अंग विसरले तरी तो आवाज ऐकून तिचा हात माझे मनगट शोधील.

परवा मुली शिकवणीला उशीर झाला म्हणून जिना दणाणवीत उतरल्या. पेला पडला, फरशीवर घरंगळला. मी माझे मनगट तिच्या बोटांपाशी नेऊन ठेवले आणि वाट पाहिली.

बोटे हलली नाहीत. डोळे मात्र उघडले. तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. मला आधी समजले नाही. तिसऱ्यांदा तिने तसेच पाहिले, रागाने, जसे कडी काढायला उशीर झाला म्हणजे पाहायची, तेव्हा समजले. तुम्ही व्हा बाहेर.

"अगं, पोरी उतरल्या जिन्यावरून. भूकंप नाही."

डोळे दारावरून हटेनात. तिच्या कानशिलाकडे पाणी ओघळले. आजपर्यंत तिचे ऐकून मी प्रत्येक वेळी बाहेर गेलो होतो. त्या दुपारी गेलो नाही. खाटेच्या काठावर बसून राहिलो, तिची बोटे माझ्या मनगटाभोवती मीच वळवून धरली. सोडली की ती उलगडत, म्हणून सोडली नाहीत.