कशावरून बाई

आमच्या बाईंशी साधं बोलणंही सोपं नव्हतं. "बाई, एसटी आज लेट आहे," म्हटलं की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशावरून?" प्राचार्यांनी "मुलांना वाचायची आवडच राहिली नाही हो," असा सुस्कारा टाकला, तरी तेच. तालुक्यात त्यांचं नाव 'कशावरून बाई' पडलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "जुन्नरात मुसलमानाच्या घरात पत्र्याच्या पेट्या ठोकत वाढलेय मी. लोकांनी याहून वाईट नावं ठेवून बघितलीत," म्हणायच्या आणि खदखदून हसायच्या.

त्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, कला शाखेला. कला शाखा म्हणजे आमच्याकडे उरल्यासुरल्यांची जागा. माझा भाऊ अवसरीला इंजिनिअरिंगला, त्याच्या वह्यांना वडील स्वतः कव्हरं घालायचे. मला म्हणाले, "तू आर्टस कर. तेवढंच लगीन जमंस्तवर." हे मी एकदा वर्गात बोलून बसले. बाई म्हणाल्या, "तीन वर्षं मिळाली ना? लई झाली. माणूस तेवढ्यात बिघडतं."

बिघडवायची त्यांची रीतही ठरलेली होती. तिला त्या 'परका विषय' म्हणायच्या. विद्यापीठाला असल्या विषयाचा पत्ता नव्हता. शनिवारी सकाळी कॉमर्सच्या पोरांनी नाटक वाचायचं, सायन्सच्या मुलींनी जुन्या खरेदीखतांचा अर्थ लावायचा, आम्ही आर्टसवाल्यांनी विहिरीचं पाणी तपासायचं. एकदा सगळ्यांना येडगावच्या धरणावर नेलं. पोरं सेल्फी काढण्यात दंग. मी आणे गावच्या कोरड्या पठारावरची, म्हणून बाईंनी मलाच धरलं. "हे पाणी तुमच्या पठारावर का येत नाही?" सायन्सचा एक हुशार मध्येच म्हणाला, "पठार उंचावर आहे, मॅडम." बाई म्हणाल्या, "हे अर्धं उत्तर झालं. पाणी कुणाला द्यायचं, ते काय उंचीनं ठरवलं? उरलेलं अर्धं शोधून आणा." ते शोधण्यात आमचं वर्ष गेलं आणि पुरतं अजूनही सापडलेलं नाही.

माझी खरी फजिती झाली ती ग्रामसभेवरून. "ग्रामसभेला कोण जाऊन आलंय?" असं बाईंनी विचारल्यावर मी ऐटीत हात वर केला.

"कशावरून?"

"रजिस्टरात माझी सही आहे, बाई."

आमच्या गावात शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा, बायका पिठाचे हात पुसून सह्या करायच्या, की झाली सभा! अठरा पुरी होताच मीही मोठ्या अभिमानानं सही ठोकली होती. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "सही गेली सभेला. तू कुठं होतीस?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सभेला मी आईला घेऊन गेले. सात-आठ पुरुष सतरंजीवर टेकले होते. सरपंच म्हणाले, "काय वहिनी, दादा न्हाईत का घरी?" आई दारातच अडखळली. मग आत जाऊन बसली आणि पदर सावरत म्हणाली, "मागच्या बारीला आमी बायका कशाला हो म्हणलो, तेवढं वाचून दावा." वाचल्यावर कळलं, पाण्याची टाकी आमच्या आळीतून उचलून लांब रस्त्याकडेला न्यायला आम्ही सगळ्या बायकांनी एकमतानं मंजुरी दिली होती! ती मंजुरी मोडायला आणखी दोन सभा भांडावं लागलं. वडील महिनाभर आम्हा दोघींशी धड बोलले नाहीत.

मी शेवटच्या वर्षाला असताना संस्थेनं फर्मान काढलं की पट भरला नाही तर कला शाखा बंद. बाई आम्हाला घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालायला लागल्या. निघताना बजावलं, "नोकरी लागेल असं कुणाला सांगायचं नाही. ते आपल्या हातात नाही."

"मग काय सांगायचं, बाई?"

"सांगायचं, तुमचं पोर घरी येऊन तुम्हाला उलटे प्रश्न विचारील."

असल्या जाहिरातीनं कुठं पट भरतो? पाच नावं कमीच पडली. शेवटच्या दिवशी माझी आई बचत गटातल्या चौघींना घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभी राहिली. पाचही जणी लग्नाआधी बारावी झालेल्या. क्लार्क म्हणाला, "मुलीचा फॉर्म का, ताई?" आई म्हणाली, "पोरगी शिकली. आता माझा द्या."

शाखा वाचली. आई कॉलेजात जायला लागली आणि बाई तिलाही सोडीनात.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी तास घेऊन घरी गेल्या, छातीत दुखलं, तेवढंच निमित्त. मी शोकसभेला आले तेव्हा हॉल खच्चून भरला होता, मागच्या बाकांवर गावाकडची माणसं होती. दोन मिनिटं उभं राहून झालं. मग संस्थेचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बाईंची आठवण म्हणून कला शाखेच्या खोलीत आपण संगणक कक्ष करतोय. त्याला बाईंचं नाव देऊ. शाखा यंदापासून बंद करावी लागतेय, नाइलाज आहे." यावर टाळ्या पडल्या! माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर त्याच्याच नावानं त्याचं काम पुरायला निघाले होते.

आई उठली. "साहेब, भिंतीला नाव नको. वर्ग ठेवा."

"ताई, हा विषय आजच्या सभेपुढं नाही."

"मग घ्या. आमी बसलोय."

आणि ती बसली. अध्यक्षांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. शिपायानं पंखे बंद केले. कुणी उठलं नाही. घामानं जीव नकोसा झाला होता. मी मागं वळून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर माझे वडील टोपीनं वारा घेत बसलेले. भावानं "चला" म्हणून त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

अध्यक्ष दारापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बोला."