रफिकची बाजू

काल डब्लिनहून लेकीचा फोन आला. ती तिथं नर्स आहे. बोलता बोलता म्हणाली, "बाबा, इथल्या दहशतवादाविरुद्धच्या तात्पुरत्या कायद्याची मुदत यंदाही वाढवली. दरवर्षी चर्चा होते अन् दरवर्षी वाढते." फोन ठेवला, पण नंतर कशातच लक्ष लागेना.

परळीतलं आमचं कॉलेज आठवलं. औष्णिक केंद्राची राख खिडकीतून येऊन बाकांवर बसायची. वादविवाद स्पर्धेचा विषय होता, टाडाची मुदत वाढवावी का. आपल्याकडचा तोही तसलाच मुदतीचा कायदा. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. मला विरोधाची निघाली, माझा दोस्त रफिकला समर्थनाची. त्याचा मामू त्याच कायद्याखाली आत होता. मी हळूच म्हणालो, "चिठ्ठी बदलून घे बे."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

मग तो जोरदार बोलला. देशाची सुरक्षा, घाबरलेले साक्षीदार, एक मुद्दा सुटला नाही. फिरती ढाल त्यालाच मिळाली.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "एवढी तयारी कधी केलतीस?"

ढालीवरची राख बाहीनं पुसत तो म्हणाला, "तयारी कशाची? मामूच्या दर तारखेला कोर्टात जातो मी. सरकारी वकील हेच बोलतो. ऐकून ऐकून पाठ झालंय."

तेव्हा मला त्याच्या पाठांतराचं नवल वाटलं. कालपासून मात्र डोक्यात एकच घोळतंय. मामूच्या बाजूनं तिथं कुणी बोललेलं त्याला काहीच कसं पाठ नव्हतं?