हाफ टाइमचं श्रीखंड

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमच्या पेठेच्या टीमची फुटबॉल फायनल होती. १९८४ साल. मुंबईची गाडी सुटायची वेळ झाली, आईनं हातावर दही-साखर ठेवली, आत्या डोळे पुसत होती आणि वडिलांचा पत्ताच नव्हता. गाडीची शिट्टी झाल्यावर ते धापा टाकत प्लॅटफॉर्मवर आले. मला वाटलं, आता गळ्यात पडणार. ते म्हणाले, "हरतोय आपण. तुझ्यापायी शेवटची पंधरा मिनिटं सोडून आलो."

इंग्लंडला चाललो म्हणून गावभर पेढे वाटले होते. पोचलो कार्डिफला, एका हॉस्पिटलात भूल द्यायच्या नोकरीवर. वेल्स हे वेगळं राष्ट्र आहे, हे पहिल्याच पेशंटनं भूल चढता चढता मला सुनावलं. छोटं राष्ट्र, फुटबॉलचं वेड मात्र अवाढव्य, आणि १९५८ नंतर तोवर वर्ल्ड कपचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पंच्याऐंशीत मॅच संपत आली असताना पेनल्टी देऊन बसले. त्र्याण्णवमध्ये स्वतःला पेनल्टी मिळाली, ती बारवर आपटली. त्या रात्री शेजारची मेगन दार वाजवून आत आली आणि आम्ही किटलीभर चहा संपवला. वडिलांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं. हरायची सवय होतीच तुला."

हे मी तुम्हा कोल्हापूरकरांना सांगतोय, आणि आमच्यासारखे जे तिकडे लेस्टर-बर्मिंगहॅमला जाऊन बसले त्यांनाही, कारण पुढची गोष्ट त्यांनीच घडवली.

आम्हा मराठी मंडळींच्या स्पर्धा दर समरला बर्मिंगहॅमजवळ एका शाळेच्या मैदानावर व्हायच्या. बॅडमिंटन, कॅरम, रस्सीखेच, लिंबू-चमचा आणि सात-सात जणांचा फुटबॉल. वेल्समध्ये आमची घरं पाच. दोन डेंटिस्ट, एक हाडांचा डॉक्टर, एक बँकवाला, मी, आणि कॉलेजातल्या दोन मुली. झाली टीम. दरवर्षी सगळ्यात हरायचो. चौऱ्याण्णवला सगळं जमवणारे बर्मिंगहॅमचे मधूभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, पाच घरांना वेगळा झेंडा कशाला? या वर्षी एक तरी मॅच जिंका, नाहीतर पुढच्या वर्षीपासून आमच्यातून खेळा." माणूस प्रेमळ, म्हणून राग जास्तच आला.

आणि ऐका, हाफ टाइमला आम्ही एक-शून्यनं पुढे होतो. बर्मिंगहॅमच्याच विरुद्ध. हाडांच्या डॉक्टरांच्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला होता, पण गेला होता. मी मैदानाच्या कडेला अक्षरशः नाचलो.

तेवढ्यात मधूभाऊंच्या सौ., कुसुमवहिनी, शाळेच्या हॉलच्या दारात आल्या. पुऱ्या गार होतायत, म्हणाल्या. झालं. हाफ टाइमचं जेवण झालं. पाहुणे म्हणून आम्हाला आधी बसवलं, आणि वाढायला कोण? समोरच्या टीमचे साती खेळाडू, शॉर्ट्सवर. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. एकेकाच्या पानाशी वाकून आग्रह. मी पान हातानं झाकलं तर वहिनी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, एवढ्याशा वाटीनं काय होतंय? माझ्यासाठी." आता यावर नाही म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा. हाडांच्या डॉक्टरांनी तर स्वतःहून वाटी पुढे केली.

यजमान मात्र रीतीप्रमाणे पाहुण्यांनंतर जेवायचे. म्हणजे ते मैदानात उतरले रिकाम्या पोटी, हरणासारखे. आम्ही उतरलो ते कसेबसे. जन्मभर लोकांना झोपवणारा मी उभ्या उभ्या पेंगत होतो. बॅकला असलेले डेंटिस्ट गोलच्या खांबाला टेकून उभे राहिले ते राहिलेच. चार गोल खाल्ले. कुणी कपट केलं असतं तर भांडलो तरी असतो. आम्हाला त्यांच्या चांगल्या वळणानं हरवलं, आणि त्याची तक्रार कुठे करायची?

मग ती मंडळी जेवायला बसली. मी रागानं श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि त्यांच्या पंगतीत वाढू लागलो. मधूभाऊ पुरी मोडत म्हणाले, "काय मग डॉक्टर, पुढच्या वर्षी आमच्याकडून?"

त्यांच्या पानात मी डाव उपडा केला. "पुढच्या वर्षी तुम्ही सगळे कार्डिफला या," म्हटलं. "यजमान आम्ही. शेवटी जेवू."

बायकोनं हॉलच्या त्या टोकाकडून माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पाच घरांनी दीडशे माणसांना बोलावलं होतं. पण वेल्सची टीम राहिली. पंचाण्णवला मेगनच्या ओव्हनमध्येसुद्धा आमचे बटाटे होते. तरीही आम्ही हरलो, दोन-शून्य. उपाशीपोटी.

त्याच डिसेंबरात कोल्हापूरला गेलो. चुलतबहिणीचं लग्न होतं. मी बाह्या सरसावून वाढपी मुलांत शिरलो, तर वडिलांनी हाताला धरून मला बाजूला काढलं आणि लांबून आलेल्या पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसवलं. माझ्या पानात त्यांनी स्वतः वाढलं, दोनदा आग्रह केला. मी नाही म्हणालो नाही.