ठकीची फुंकर

"फुंक, ठके! जोरात!" मी तिसऱ्यांदा ओरडलो. नऊ वर्षांच्या ठकीने ओठांचा चंबू केला, गाल फुगवले आणि अगदी हळूच हवा सोडली. हातभर अंतरावरच्या दिव्याची ज्योत जेमतेम हलली.

तेव्हा मी जुन्नरच्या डिस्पेन्सरीत हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे सरकारी धाकटा डॉक्टर होतो. नवा होतो, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याच्या वयाचा. ठकीच्या छातीत मधोमध वाटी बसेल एवढा जन्मजात खळगा होता. तिचा बाप धोंडिबा दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचा.

"डाक्टर, पोरगी घाट चढंल-उतरंल का, तेवढं सांगा. न्हाईतर राजुरीला आत्याकडं ठिवतो. सा-सात म्हयनं."

आत्याचं नाव निघताच ठकीचं तोंड एवढंसं झालं.

अशा मुलांत नुसता खळगा बघून भागत नाही. आतली फुप्फुसं किती हवा घेतात आणि किती जोराने सोडतात, ते पाहावं लागतं. स्टेथोस्कोप लावला; आवाज स्वच्छ. टेप लावली, छाती बरी फुगत होती. पण फुंकरीत पोरगी तीनदा नापास. मी रिपोर्टात 'फुप्फुसं कमजोर' असं लिहिलं आणि धोंडिबाला सांगून टाकलं, "ठेव आत्याकडे." ठकी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तेच मला जास्त लागलं.

आमचे कंपाउंडर करीमभाई पुड्या बांधत होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या घरी दिवा फुंकून विझवतात का हो?"

"छे! आई पाठीत धपाटा घालेल."

"मग हिची आई काय पेढे वाटणार आहे?"

ठकी भिंतीशीच पुटपुटली, "दिवा फुकून इझवू न्हाई. आय म्हनती पाप लागतं. आन् डाक्टर तर वरडूनच सांगत्यात."

मला लाज वाटली. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण डिस्पेन्सरीचा उंबरा ओलांडला की घरचं शहाणपण चपलांबरोबर बाहेर राहायचं.

"ठके, चूल फुंकतेस का?"

"रोज. फुकनीनं."

मग काम सोपं झालं. करीमभाईंनी मोठी बरणी पाण्याने भरून घंगाळातल्या पाण्यात उपडी धरली. रबरी नळीचं एक टोक बरणीत, दुसरं ठकीच्या हातात. जेवढा श्वास बरणीत जाईल, तेवढं पाणी बरणीतून खाली ढकललं जातं. कुठवर गेलं ते बरणीवर खूण करून मोजायचं.

"ही फुंकणी समज. लाकडं ओली आहेत."

ठकीने छाती भरून घेतली आणि असं काही फुंकलं की करीमभाईंची बाही भिजली. तुलनेसाठी त्यांनी आपली तेवढ्याच उंचीची मुलगी बोलावली. तिची खूण ठकीच्या पुढे गेली, पण फक्त बोटभर.

मी रिपोर्ट फाडला. "घेऊन जा, धोंडिबा. चढाला मधूनमधून बसव."

"आत्या लई बोलती, डाक्टर," ठकी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

पावसाच्या तोंडाशी धोंडिबा परत आला. ठकी वाटेत एकदाच दमली म्हणे, तेही घाट चढताना एक लंगडं कोकरू खांद्यावर होतं म्हणून.

तेव्हापासून मूल नापास झालं, की मी आधी माझा प्रश्न तपासतो.