वीस मिनिटं बंद ठेवलेला अँटिव्हायरस

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर बसल्यावरही मन या विषयापाशी आलं की मी डोळे उघडते आणि उगाच निरांजनातली वात पुढे सारते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक आज जीभ सैल होतेय. आमच्या घरात तेलुगू आणि मराठी मिसळून बोलतात, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायला बसलं की मला मराठीच हाताशी येतं.

गोष्ट कॉम्प्युटरची आहे. हसू नका. साठीला आलेली बाई काय कॉम्प्युटरचं पाप सांगणार, असं वाटेल — मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. एक यंत्र बिघडलं, त्यात एवढं काय? पण त्या यंत्रात माझ्या सासऱ्यांचा अख्खा जन्म होता. आणि तो गेला, त्याचा दोष माझ्या धाकट्या जावेच्या माथी बसला. आठ-नऊ वर्षं झाली, अजून तिथंच आहे.

मामा, म्हणजे माझे सासरे, चादरींची नक्षी काढायचे. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा घरटी माग होता, पण नक्षी काढणारे हात मोजके. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत ते मोर उभा करायचे, हत्ती, वेली, कमळं. कारखानदार स्वतः जिना चढून आमच्या घरी यायचे. पुढं कागदांना वाळवी लागायला लागली, तेव्हा धाकटी जाऊ पद्मजा म्हणाली, मी सगळं कॉम्प्युटरात घालते. दोन वर्षं बसून तिनं एकेक कागद स्कॅन केला, दुरुस्त केला, नावं दिली. हे करता करता मामांकडून नक्षीही शिकली. मामा तिच्या मागं स्टुलावर बसून म्हणायचे, "तिथं एक घर सोड अम्मा, मोराला श्वास घेऊ दे." काम पुरं झाल्यावर वाळवीचे कागद आम्ही जाळून टाकले. एका कारखान्यानं पद्मजाला तिच्या स्वतःच्या नावावर नक्षीचं पहिलं काम देऊ केलं होतं.

अँटिव्हायरसवरून घरात वाद झालेला मला आठवतो. माझे यजमान म्हणत होते, विकतचा घ्या, मोठी माणसं उगाच घेतात का? पद्मजा म्हणाली, घरच्या वापराला फुकटचा पुरतो. व्हायरस ओळखायचं मूळ काम दोन्ही करतात, विकतच्यात वरच्या चार सोयी जास्त मिळतात. फक्त तो रोज ताजा ठेवायचा, आणि वाट्टेल ते आत घालायचं नाही. तिनं कागदावर ठळक अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं — बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये. ती शिकलेली, समजूतदार, सगळ्यांची लाडकी. मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. माझ्या मनात तेव्हा काही सलत होतं का? होतं. थोडं होतं. ते लपवून ठेवण्यात आता काय अर्थ?

तर ती दुपार.

सोलापुरातल्या एप्रिलमधल्या दुपारी माणूस नीट जागाही नसतो आणि नीट झोपलेलाही नसतो. कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता. मागच्या गल्लीतल्या मागांची खटखट भिंतीतून झिरपत होती. मामा आतल्या खोलीत झोपले होते, पद्मजा बाजारात गेली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळ्या पाण्यातले मासे इकडून तिकडे पोहत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत उभी होते — हातात पेनड्राइव्ह घेऊन. त्या दुपारचं सगळं मला असंच आठवतं, पाण्याखाली घडल्यासारखं. कशालाच धड आवाज नाही.

पेनड्राइव्हमध्ये कुंडली जुळवायचं सॉफ्टवेअर होतं. माझ्या लेकीनं मुलगा पसंत केला होता, मला तेवढं कानात सांगितलं होतं. घरात विषय काढण्याआधी मला गुण बघायचे होते, गुपचूप. भिशीतल्या मैत्रिणीनं हे चोरीचं सॉफ्टवेअर दिलं आणि म्हणाली, "लाल चौकोन येतंय बघा, भिऊ नका. अँटिव्हायरस बंद करायचा अन् पुढं जायचं. समदे तसंच करत्यात की."

चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. ती दिसत असतानाच मी पेनड्राइव्ह लावला.

आणि लाल चौकोन आला. इंग्रजीत होतं, पण कळण्याइतकं इंग्रजी मला येतं — धोका सापडला आहे, फाइल अडवली आहे. नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. तो फुकटचा अँटिव्हायरस जागा होता. त्यानं ओळखलं, त्यानं अडवलं, त्यानं मला सांगितलंसुद्धा. त्याच्याकडून जे व्हायचं ते सगळं झालं होतं. मी काय केलं? त्याला बंद केलं. खात्री आहे का, असं त्यानं विचारलं. मी 'हो'वर बोट दाबलं.

कुंडली उघडली. छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले. मला इतका आनंद झाला की तिथंच खुर्चीत डोळे मिटून मी लेकीचं लग्न बघत बसले — मुंडावळ्या, हळदीचे हात, मामा नव्या सदऱ्यात. मधून डोळे उघडले की कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारीक दिवा लुकलुकताना दिसायचा. एरवी तो एवढा लुकलुकत नाही, हे मला जाणवलं होतं. तरी मी बघत राहिले. वीस मिनिटांनी पेनड्राइव्ह काढला, कुंडलीचं सगळं पुसलं, अँटिव्हायरस पुन्हा चालू केला आणि जाऊन पडले.

संध्याकाळी पद्मजानं कॉम्प्युटर उघडला. एकही नक्षी उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला कसलंसं विचित्र शेपूट लागलेलं, आणि पडद्याच्या मध्यभागी, फाइली सोडवायचे पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. जपून ठेवायला म्हणून आणलेली दुसरी डिस्क कायम जोडलेलीच असायची, तीही गेली. दुरुस्तीवाला आला, बराच वेळ बसला, मान हलवून गेला. यजमान म्हणाले, "फुकटातलं असंच असतंय." दिरांनी नुसतं बायकोकडं, पद्मजाकडं, बघितलं.

मग पद्मजानं मला विचारलं, "अक्का, दुपारी तुमी हितंच होता की. कुणी बसलं होतं का याच्यापाशी?"

मी म्हटलं, "कुणी नाही गं. मी झोपले होते."

इथं थांबले असते तर एक खोटं झालं असतं. मी थांबले नाही. सगळे ऐकत होते आणि मी पुढं म्हटलं, "मला तर आधीपासनंच वाटत होतं, एवढ्या मोलाच्या गोष्टीला फुकटचं कशाला." कुणी विचारलं होतं मला? कुणीच नाही. ते वाक्य माझं मीच काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिचा चेहरा उतरला, तो मी बघितला. बंद-चालूची नोंद त्या अँटिव्हायरसमध्ये असते, हे मला पुढं कळलं. तिनं उघडली असती तर वेळेसकट सापडलं असतं. तिनं बघितलं नाही. माझा संशयच आला नाही तिला.

मामा कुणावर रागावले नाहीत. त्यांनी चौकटीचा कागद मागवला आणि आठवणीतून मोर काढायला घेतला. हात कापायचा, मान आणि तुरा झाला की रंग घराबाहेर जायचा. पद्मजा जवळ बसायची, पण ब्रश हातात घेत नसे. कारखान्याचं काम तिनं परत केलं. दोन वर्षांनी मामा गेले. जाण्याआधी एकदा मला म्हणाले, "पोर चांगली आहे, पण कागद जाळायची घाई केली तिनं." मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. लावत राहिले.

लेकीचं लग्न झालं, सुखात आहे. पद्मजा युनिफॉर्मच्या कारखान्यात पॅकिंगला जाते.

अजूनही दुपारी डोळा लागला की तो मोर येतो. चौकटीच्या कागदावर उभा, आणि एकेक घर पांढरं होत जातं — आधी पिसारा, मग पाय. मी बोट ठेवून रंग धरायला जाते, तर बोटाखालचंच घर पांढरं होतं. जागी होते तेव्हा जुन्या घरामागच्या मागांची खटखट कानात चालूच असते, आणि मला वाटतं, आज सांगू. उठते, तोंड धुते, चहा टाकते. तोवर ते वाटणं निघून गेलेलं असतं. किती वेळा? मोजलं नाही.

आता आम्ही वेगळे राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात; गेल्या महिन्यात पद्मजा तिथल्या फ्लॅटवर आली होती, मुलीला घेऊन. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतलाय. मुलगी म्हणत होती, आत जो येतो तो अँटिव्हायरस बास आहे, वेगळा कशाला? पद्मजा ऐकेना. "न्हाय, विकतचाच घालायचा. माझ्या शहाणपणापायी तुझ्या आजोबांचं समदं गेलंय." आणि मग तिनं मुलीला ती गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, स्वतःची चूक म्हणून. न रडता, न थांबता — पाठ झाल्यासारखी. मी समोर बसून शेंगा सोलत होते.

मुलीला पटेना. माझ्याकडं, तिच्या मोठ्या काकूकडं, वळून ती म्हणाली, "पेद्दम्मा, तुम्ही होता ना तेव्हा घरात? खरंच आईमुळं गेलं?"

पद्मजाही माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत जराशी आशा होती, असं मला वाटलं. मोठी जाऊ आहे, एवढ्या वर्षांनी तरी म्हणेल, तुझ्या एकटीचा दोष नव्हता गं.

मी म्हटलं, "हो. विकतचाच घ्या."